हिरव्या पानावरची मेंढरं

एप्रिल लागला की आमच्या देवळाच्या मागच्या खोलीत मेणाच्या खडूंचा वास सुटतो. साताऱ्यातली आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो. परीक्षा संपल्या की त्या खोलीत लहान मुलांची सुट्टीतली शाळा भरते. दहा दिवस गाणी, गोष्टी, चित्रं रंगवणं आणि शेवटच्या दिवशी लाडू-चिवडा. भिंतीवर कापसाची मेंढरं चिकटवतात, पुठ्ठ्याची नाव करतात. मुलं गुडघ्यावर बसून, जीभ दातांत धरून, निळ्या खडूनं आभाळ गिरवतात. मी वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर बसते आणि बघते.

यंदा शिकवायला रोहिणी आहे. कॉलेजात जाणारी, हसरी मुलगी. ती परवा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही एवढी वर्षं शाळेत काढलीत. शिशुवर्गाला मेंढपाळाची गोष्ट तुम्ही सांगा ना. हरवलेल्या मेंढराची."

"दुसरी कुठलीही दे," मी म्हटलं. "ती नको."

"का हो?"

"घसा बसलाय."

घसा चांगला होता. रोहिणीलाही ते कळलं असावं, कारण ती हसून मुलांकडं वळली. संध्याकाळी घरी जाताना तापलेल्या डांबराचा वास नाकात गेला, आणि एक उन्हाळा इतका जवळ आला की क्षणभर रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. माझ्या आठवणीत आहे तो त्र्याहत्तरचा उन्हाळा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. अध्यापिका विद्यालयातून बाहेर पडले होते, नोकरी लागायची होती. रविवारी शब्बाथशाळेत लहान मुलांना गोष्टी सांगायचे, आणि त्यात माझा हात चांगला होता असं सगळे म्हणायचे. मलाही तसं वाटायचं. आमच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "म्हसवडच्या पलीकडं आपली पाच-सहा घरं आहेत. माणसं दिवसभर तलावाच्या कामावर असतात, पोरं उन्हात हिंडतात. मार्थाबाई जाणार आहेत. दोन महिने त्यांच्याबरोबर जाशील?" मी त्याच दिवशी ट्रंक भरली.

मार्थाबाई पन्नाशीच्या, विधवा. आयुष्यभर खेडोपाडी फिरून बायकांना वाचायला आणि प्रार्थना करायला शिकवलेली बाई. पायांना भेगा, काखेत कापडी पिशवी, बोलणं मोजकं. एसटीतून उतरल्यावर त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाल्या, "ह्या भागात दुपारी कुणाला काही विचारायचं नाही. बोलायला थुंकी लागते."

तेव्हा मला तो विनोद वाटला होता. माणदेशातलं ऊन साताऱ्याच्या उन्हासारखं नसतं. त्या वर्षी तर जमिनीला रंगच उरला नव्हता. बाभळींचा पाला माणसांनीच शेळ्या-मेंढरांसाठी ओरबाडून नेलेला, त्यामुळं झाडं नुसती काट्यांची. विहिरीच्या तळाशी बायका वाटीनं पाणी भरायच्या, आणि वाटी दगडावर घासल्याचा आवाज वर काठापर्यंत यायचा. सकाळी सहाला सगळी वस्ती तलावाच्या कामावर जायची. माती खणायची, खडी फोडायची, घमेली वाहायची. दुपारी मुलांना सरकारकडून सुकडी मिळायची, तपकिरी, गोडसर पीठ. ती मुठीत घेऊन पोरं आमच्या शाळेच्या छपराखाली यायची. ख्रिस्ती घरांतली सात-आठ होती, पण आठवड्याभरात तीसेक झाली. सावली होती, एक माठ होता, आणि माझ्याकडं पुस्तक होतं.

ते पुस्तक मायदेशी परतताना एका वयस्कर मिशनरी मिसबाईंनी आमच्या देवळाला ठेवून दिलेलं. पाटाएवढं मोठं. जाड, गुळगुळीत कागद, प्रत्येक पानामागं कापड चिकटवलेलं, म्हणजे पोरांच्या हातांनी फाटू नये. एका पानावर एकच चित्र. अक्षर एकही नाही. आम्हाला शिकवलेलं असं, की आधी चित्र दाखवायचं, पोटभर बघू द्यायचं, मग मुलांनाच विचारायचं काय दिसतं, आणि मग गोष्ट. लहान मूल कानांनी विसरतं, डोळ्यांनी विसरत नाही.

मेंढपाळाचं पान मी तिसऱ्या दिवशी उघडलं. अख्खं पान हिरवं. टेकडीवर हिरवं, टेकडीखाली हिरवं, मधून निळा ओढा. पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढरं. आणि पुढं येशू, खांद्यावर कोकरू घेतलेला, गोरा, पायात वहाणा, अंगावर स्वच्छ झगा.

"काय दिसतं?" मी विचारलं.

पोरं पुढं सरकून पान निरखायला लागली. मग मागून एक मुलगा म्हणाला, "कापूस हाय."

"कापूस नाही रे. नीट बघा."

"मग ससं हाईत."

मला कळेना. मार्थाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अगं, इकडची मेंढरं काळी असतात."

मी सांगितलं, ही मेंढरं आहेत. पोरं हसायला लागली. त्यांत निम्मी धनगरांची होती. मेंढरं कशी असतात ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. एकजण म्हणाला, "बाई, ह्येंला कुणी धुतलंय?" दुसरा म्हणाला, "आवं, ह्या बाबाच्या अंगावर धूळ कशी न्हाई?" त्या गलक्यात पाचेक वर्षांची एक मुलगी उठून पुढं आली. परकराची चिंधी झालेली, केस तांबूस, हातात सुकडीची मूठ तशीच. तिनं खांद्यावरच्या कोकरावर बोट ठेवलं.

"ह्ये लंगडं हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"लंगडं आसलं म्हंजी आबा आसंच घेत्यात."

तिचं नाव बायडी. धुळा धनगराची मुलगी. त्या दिवशी मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली ती तिच्याकडं बघूनच. शंभर मेंढरं होती, एक चुकलं. मेंढपाळ बाकीची ठेवून त्या एकाला शोधायला निघाला. काट्याकुट्यांतून गेला, दरीत उतरला, आणि सापडल्यावर खांद्यावर घालून घरी आला. मुलांना आवडली. एका मोठ्या मुलानं विचारलं, "मागं लांडगा आला म्हंजी?" मी म्हटलं, येत नाही. इतकं सोपं उत्तर मी त्यानंतर कधी दिलं नाही.

बायडी रोज यायची आणि तेच पान मागायची. बाकीच्या चित्रांत तिचा जीव नव्हता. कोकराला ती हात लावायची, मग ओढ्याला, मग सगळ्यात जास्त वेळ गवताला. तळहातानं कुरवाळायची. एकदा म्हणाली, "आमची काळी. येशूची पांढरी." मी म्हटलं, "सगळी त्याचीच गं. काळीपण." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पोरांना आपण काय बोलतो ते कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. ती सगळं घरी जाऊन सांगत होती.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळच्या सुमारास धुळा आला. उंच, वाळका माणूस, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. दारातच उभा राहिला. त्याची बायको कामावर जायची, तो स्वतः मात्र अजून खडी फोडायला गेला नव्हता. मेंढरं होती तोवर जाणार नव्हता. भावकीतल्या बहुतेकांनी आपली खांडं, म्हणजे मेंढरांचे कळप, मिळेल त्या भावात खाटकाला दिली होती. ह्यानं दिली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "पोरगी म्हनती, तुमच्याकडं गवताचं चित्र हाय."

मी पुस्तक काढलं. त्यानं हात धोतराला पुसले आणि दोन्ही हातांवर पुस्तक घेतलं, तान्हं मूल घ्यावं तसं. बराच वेळ बघितलं. येशूकडं त्यानं बघितलं नाही. गवताकडं बघितलं, मेंढरांच्या पायांकडं बघितलं.

"ह्ये कुठलं गाव?"

"ते चित्र आहे, धुळादादा."

"चित्र हाय ते कळलं. पर काडणाऱ्यानं बगूनच काडलं आसंल की. न बगता कोन काडंल?"

मला हसू आलं नाही. तो वेडा नव्हता. सगळ्या वाटा पायांनी मोजलेला माणूस होता. भीमेकडं गेलेली खांडं परत आली होती, वारणेकडं शेतकरी बांधावर काठ्या घेऊन उभे होते, हे त्यानंच मला सांगितलं. तो विचारत होता ते एवढ्यासाठी, की एखादा मुलूख आपल्याकडून राहिला असेल तर विचारायला काय जातंय.

"लय लांबचा देश आहे तो," मी म्हटलं. "समुद्रापलीकडचा."

"आसं व्हय," तो म्हणाला. पुस्तक परत दिलं. जाताना बायडीनं त्याचं बोट धरलं होतं, आणि मान वळवून ती माझ्याकडं बघत होती. ती रागावली नव्हती. वाट बघत होती. आता बाई पुढची गोष्ट सांगतील, तशी.

त्या एका नजरेपायी मी जे केलं ते केलं. आज मागं वळून बघताना मला वाटतं, ती दया होती, पण निव्वळ दया नव्हती. मी रोज त्या मुलांना सांगत होते की कुणीतरी येतं, शोधतं, खांद्यावर घेतं. मला ते एकदा तरी घडताना बघायचं होतं. ते पान खोटं नाही हे मला त्या मुलीला दाखवायचं होतं, आणि खरं म्हणजे स्वतःलाच. विश्वास असलेल्या माणसाला पुरावा कशाला लागतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

माझे शमुवेलमामा सांगलीच्या पुढं कृष्णाकाठी राहायचे. दवाखान्यातली कंपाउंडरची नोकरी संपल्यावर त्यांनी नदीकाठी चार एकर घेतली होती. मी त्यांना कार्ड टाकलं. आठवड्यानं उत्तर आलं. मामांचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं लहान आणि सरळ. "नदीत डोहच उरले आहेत, तरी बांधाला गवत आहे. वैरणीचं कडवळ काढलेलं रान मोकळं आहे. मेंढरं बसली तर शेताला खतही होईल. पाठव. देव बरं करो."

ते कार्ड मी मार्थाबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आपलं काम गोष्ट सांगायचं. तू त्याला गवत द्यायला निघालीस."

"मग नुसती गोष्ट सांगायची का?"

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

धुळाला सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसलाच. मग उठला आणि माझ्या पायांना हात लावायला वाकला, मी मागं सरले. "बासष्ट हाईत," तो म्हणाला. "मागल्या साली दीडशे हुती. येवडी वाचली तर पुना खांड उभं करीन." तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. पुढं धुळा, मागं काळी, पोटं खपाटीला गेलेली मेंढरं, घोड्यावर बोचकी आणि बोचक्यांवर बायडी. तिच्या हातात मी एक रंगीत खडू दिला होता, हिरवा. विटा, तासगाव करत आठ-दहा दिवसांची वाट. मेंढरं चालतील तेवढंच चालायचं होतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. रोज मुलांना गोल बसवून मी धुळाच्या मेंढरांसाठी प्रार्थना करायचे. धनगरांची, ख्रिस्त्यांची, सगळीच पोरं हात जोडायची. "आता कुटवर गेली आसतील?" कुणीतरी विचारायचं, आणि मी पुठ्ठ्यावर वाट काढून एकेक गाव पुढं सरकवायचे. मला वाटायचं, शिकवणं म्हणतात ते हेच. चित्र पानातून उतरून रस्त्यानं चाललं होतं, आणि त्याला चालवणारी मी होते.

मामांचं दुसरं कार्ड आलं त्यात दोनच ओळी होत्या. "धनगर पोचला. वाईट झालं. जमलं तर येऊन जा."

म्हसवडहून सांगलीला जाणारी एसटी दुपारी होती. सगळ्या वाटेत मी खिडकीबाहेर बघत होते. तासगावच्या पुढं कुठंकुठं उसाचे तुकडे दिसायला लागले. इतक्या दिवसांनी हिरवं बघून डोळे दुखले.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून उठले नाहीत. मामी पाणी घेऊन आली आणि लगेच आत गेली.

"बस," मामा म्हणाले. "माझी चूक मी आधी सांगतो. कडवळ काढल्यावर मी त्या रानाला एक पाणी दिलं होतं. डोहातलं उरलंसुरलं. म्हटलं दुसरा फुटवा येईल, म्हशीला होईल. मग इंजिनाला पाणी पुरेना. फुटवा आला तो वीतभरच, आणि उन्हात खुरटला. तुला कार्ड लिहिलं तेव्हा तो नव्हता."

"मग?"

"ज्वारी-कडवळाच्या असल्या खुरटलेल्या कोंबात विष असतं. जनावरानं खाल्लं की किराळ लागते. मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. तो आला तशी मी लांबूनच ओरडलो, त्या रानाकडं सोडू नको. तो म्हणाला, दिसलं मला. त्यानं वाघर काढली, मेंढरं कोंडायची जाळी ती. तो आणि बायको बांधाला ती बांधत होते. बांधून होईपर्यंत थांबायला हवं होतं त्यांनी."

"कुणी?"

"मेंढरांनी," मामा म्हणाले. "दहा दिवस चालून आलेली. वारा आमच्या रानाकडून त्यांच्याकडं होता. हिरव्याचा वास लागला आणि सगळी एकदम उठली. धुळा आडवा पडला गं. जमिनीवर आडवा पडला हात पसरून. त्याच्या अंगावरून गेली."

मामांनी कपाळाचा घाम पुसला. ते शांत माणूस होते, आयुष्यभर रोगी बघितलेले.

"तासाभरात बासष्टातली पन्नास गेली. मी गुळाचं पाणी पाजलं, माझ्याकडं होतं ते सगळं केलं. एकाला पाजेपर्यंत दुसरं पडायचं. ती पोरगी त्यांच्यामधून हिंडत होती. एकेकाला उठवायला बघत होती. तिला वाटत होतं, खाऊन झोपलीत."

मी रान बघायला गेले. चुना टाकलेला लांब खड्डा होता. पलीकडं कोवळे हिरवे कोंब तसेच उभे होते, अर्धे खाल्लेले. उन्हात चमकत होते. इतकं सुंदर हिरवं मी त्या वर्षात दुसरीकडं बघितलं नाही.

उरलेली बारा तिथंच विकून धुळा परतीच्या वाटेला लागला होता. मामांनी थांब म्हटलं, तो थांबला नाही. मी विचारलं, "काय म्हणाला?" मामा म्हणाले, "काही नाही. जाताना आमच्या पाया पडला."

मामा आमच्या सांगलीच्या देवळातले वडीलधारे. कुणाच्याही घरी मयत झालं की दोन शब्द बोलायला त्यांनाच पुढं करायचे. त्या संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले, आणि आम्ही वाट बघत राहिलो.  बऱ्याच वेळानं मामीच म्हणाली, "जेवा आता, गार होतंय."

आयुष्यभर मी हा हिशेब उलगडून बघितला आहे. कुणाकडंच बोट दाखवता येत नाही. मामांनी चांगुलपणानं बोलावलं. धुळानं आडवं पडून अडवलं. मी तर प्रार्थनाच करत होते. शब्बाथशाळेत आम्ही शिकवायचो की वाईट गोष्ट घडते ती पापानं. इथं पाप शोधूनही सापडेना. एखादा दुष्ट असता, एखादा लोभी सावकार, एखादा काठी मारणारा शेतकरी, तर मी त्याला क्षमा करून माझा विश्वास राखला असता. क्षमा करायला कुणी नसणं ही फार वाईट अवस्था आहे.

मी परत म्हसवडला गेले. मुलांनी धावत येऊन विचारलं, "बाई, पोचली का मेंढरं?" मी म्हटलं, "पोचली." ते खोटं नव्हतं. मार्थाबाईंना रात्रीच्या भाकऱ्या करताना सगळं सांगितलं. "मी सांगितलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उलटायला विसरल्या आणि ती करपली, एवढंच झालं.

दहा-बारा दिवसांनी धुळा तलावाच्या कामावर दिसला. मुंडासं काढून डोक्याला फडकं बांधलेलं. गुडघ्याखाली दगड धरून खडी फोडत होता. त्याचे हात ह्या कामाचे नव्हते, बोटं चेचून काळी झाली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते येताना जुळवलं होतं, ते सगळं गेलं.

"धुळादादा, मला माफ करा."

त्यानं हातोडा खाली ठेवला. "तुमी काय केलं बाई? तुमी चांगलंच केलं."

"मी कार्ड लिहिलं नसतं तर..."

"तर हितं मेली आसती. एकेक करून." त्यानं फुटलेली खडी हातानं बाजूला लोटली. "तुमच्या मामांनी बी चांगलंच केलं. वाटंत लोकांनी बी चांगलंच केलं, पानी पाजलं मेंढरांस्नी. कुनी कुनी वाईट वागलं न्हाई." मग त्यानं माझ्याकडं बघून खरंच विचारलं, जसं एकदा गवताचं गाव विचारलं होतं तसं, "सगळी चांगली वागून बी आसं हुतंय, तर मग काय करायचं मानसानं?"

मुकादमानं लांबून हाक मारली. धुळानं हातोडा उचलला. मी, शिकवायला आलेली बाई, वळून छपराकडं चालू लागले.

बायडी छपरात पुन्हा यायला लागली. सुकडी खायची, गाण्यांना टाळ्या वाजवायची. पुस्तक मी ट्रंकेत ठेवून दिलं होतं. तिनं ते मागितलं नाही. मला त्याचंच जास्त लागलं. जूनमध्ये पाऊस पडला, आम्ही साताऱ्याला परतलो, आणि मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. सहावी-सातवीच्या मुलांना गणित आणि भूगोल शिकवायचे मी. लहानांचे वर्ग मागून घ्यायचं टाळलं. रविवारी देवळात जायची सवय सुटली नाही. अजून जाते. गाणी म्हणते, डोळे मिटते. काही मागत नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी माझी बदली शिराळ्याच्या बाजूला झाली होती. उसाचा हंगाम होता. शाळेच्या मागच्या माळावर ऊसतोडीच्या टोळीनं पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या केल्या होत्या. शाळेत न येणारी मुलं किती ते लिहायला मी तिकडं गेले, आणि एका कोपीपुढं बसलेला माणूस उठून उभा राहिला. "बाई, तुमी?"

धुळाला ओळखायला मला वेळ लागला. खांदे उतरले होते, केस पांढरे झाले होते. पण त्याला मनापासून आनंद झाला होता. पोतं झटकून त्यानं मला बसायला दिलं. बायको फडावर होती. आता दर साली टोळीबरोबर येतो म्हणाला. मेंढरांचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

एक दहा-अकरा वर्षांची मुलगी कडेवर लहान भावंड घेऊन आली. तांबूस केस तेवढे तेच होते.

"बायडे, बग कोन आलंय," धुळा म्हणाला. "ह्या बाईंनी तुला शिकवलंय. त्या दुष्काळात."

तिनं मला नीट न्याहाळलं. लाजून हसली. "मला न्हाई आठवत."

"लहान होतीस," मी म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुमची मेंढरं तरी आठवतात का गं?"

ती गोंधळली. कडेवरच्या पोराला तिनं वर सरकवलं. "आमच्यात कवा हुती मेंढरं?" तिनं बापाकडं बघितलं. "आबा, हुती व्हय?"

धुळा माझ्याकडं बघत नव्हता. तो माळाच्या पलीकडं, तोडून झालेल्या फडाकडं बघत होता. तिथं आता नुसती जमीन होती.

"न्हवती," तो म्हणाला. "जा, बाईंस्नी च्या टाक."